मसाल्याची मीड थंड आणि गरम: चव कशी घ्यावी, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं

मीड म्हणजे मध आणि पाणी आंबवून केलेली दारू. मसाले घातलेली मीड थंड आणि गरम अशी दोन्ही चाखून झाल्यावर बहुतेकांच्या हाती एकच वाक्य लागतं: "गरम बरी लागते" किंवा "थंडच बरी." का बरी, ते सांगता येत नाही. जरा खोदून विचारलं की कारण कळतं. थंड ग्लास थेट फ्रीजमधून काढून तीन-चार अंशांवर प्यायलेला असतो. गरम कप उकळी फुटेपर्यंत तापवलेला असतो, आणि तापवताना त्यात दालचिनीचा तुकडा नि चमचाभर मध वरून पडलेला असतो. तुलना झाली ती दोन वेगळ्या पेयांची. बाटलीबद्दल काहीच कळलं नाही.

खाली सांगितलेली सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे. कपाकपांत फरक असेल तर तो फक्त तापमानाचा असावा. मीड तीच, कप तेच, मात्रा तीच, माणसं तीच.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही दारू आहे. गाडी चालवायची असेल, गरोदरपण असेल किंवा अल्कोहोलबरोबर चालत नाहीत अशी औषधं सुरू असतील तर हा कार्यक्रम तुमच्यासाठी नाही. १२ टक्के अल्कोहोलच्या मीडचे ५० मिलीचे तीन कप (थंड, मधला, गरम) पूर्ण प्यायले तर पोटात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल जातं. म्हणून शेजारी थुंकायला भांडं ठेवावं आणि ते वापरण्यात संकोच करू नये.

१. बाटली निवडा, लेबल नीट वाचा

चार गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली, मीड फसफसणारी आहे का. असेल तर ती गरम करण्याच्या कामाची नाही. थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो. तापवलं की तो भसकन बाहेर पडतो, जाताना नाजूक वास घेऊन जातो आणि मागे सपक, आंबूस पेय उरतं. या तुलनेसाठी न फसफसणारी मीडच घ्या.

दुसरी, अल्कोहोलचं प्रमाण. मीडचा पल्ला मोठा आहे. हलकी मीड साडेतीन ते साडेसात टक्क्यांत बसते, नेहमीची साडेसात ते चौदा, आणि जड मीड अठरापर्यंत जाते. पहिल्यांदा करत असाल तर १० ते १३ टक्क्यांची घ्या. त्याहून हलकी मीड गरम केल्यावर पाणचट लागते, आणि त्याहून जड मीडच्या गरम कपात अल्कोहोलची वाफच नाकात जाते. बाकी काही जाणवत नाही.

तिसरी, गोडी. लेबलवर ड्राय (गोड नसलेली), सेमी-स्वीट किंवा स्वीट असं लिहिलेलं असतं. मीड घरी बनवलेली असेल तर आंबवणं संपल्यावरचं हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचं) रीडिंग बघा. १.०१० पर्यंत ड्राय, तिथून १.०२५ पर्यंत सेमी-स्वीट, त्यापुढे स्वीट. पोलंडच्या मीडवर गोडी वेगळ्या पद्धतीने कळते. तिथे मध आणि पाण्याच्या प्रमाणावरून नाव असतं: एक भाग मधाला अर्धा भाग पाणी म्हणजे पुव्तोराक, एकास एक म्हणजे द्वुय्न्याक, एकास दोन म्हणजे त्रुय्न्याक, एकास तीन म्हणजे च्वुर्न्याक. पहिल्या दोन फार दाट आणि गोड असतात. तुलना शिकायला त्रुय्न्याक सोयीची.

चौथी, मसाले कोणते. ही यादी कागदावर उतरवून ठेवा, पण चव घेणाऱ्या बाकीच्यांना सांगू नका. "यात लवंग आहे" हे एकदा कानावर पडलं की प्रत्येक घोटात लवंग सापडायला लागते.

> तपासणी: बाटलीच्या तळाशी साका आहे का? असेल तर बाटली किमान एक दिवस उभी ठेवा आणि ओतताना शेवटचं बोटभर तळाशीच राहू द्या. ढवळलेला साका तिन्ही कपांत सारखा वाटला जात नाही, आणि गरम कपात त्याचा यीस्टसारखा, ओल्या पिठासारखा वास उठतो.

२. सामान मांडून घ्या

७५० मिलीच्या बाटलीला तीन माणसं हे प्रमाण उत्तम. प्रत्येकाला तीन कप, प्रत्येक कपात ५० मिली, म्हणजे ४५० मिली. उरलेल्यातून शेवटची एक चाचणी होते आणि साकाही सोडता येतो. माणसं वाढली म्हणून दुसरी बाटली उघडू नका. विशेषतः घरी भरलेल्या मीडमध्ये बाटलीगणिक फरक पडू शकतो.

भांड्यांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. वाइन चाखण्याच्या प्रमाणित ग्लासचं माप आयएसओ ३५९१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेलं आहे: एकूण क्षमता सुमारे २१५ मिली, त्यात ओतायचं ५० मिली, तोंड आत वळलेलं. थंड मीडला तो सुरेख चालतो. गरम मीडला मात्र तो अडचणीचा, कारण आत वळलेल्या तोंडाशी अल्कोहोलची वाफ कोंडते. म्हणून लोक थंड मीड ग्लासात आणि गरम मीड मगमध्ये घेतात. मग वासातला फरक भांड्यामुळे की तापमानामुळे, हे कधीच कळत नाही. माझं मत ठाम आहे. तिन्ही वेळा एकाच आकाराचं भांडं वापरा, भले ते कोणत्याच तापमानाला सर्वोत्तम नसेल. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेचे सरळ बाजूंचे छोटे ग्लास मिळाले तर प्रश्न मिटला. नाहीतर पांढरे चिनी मातीचे कप घ्या, आणि रंग बघण्यापुरता एक पारदर्शक ग्लास वेगळा ठेवा.

बाकी सामान असं:

- द्रवात बुडवता येणारा डिजिटल थर्मामीटर. हा नसेल तर हा कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर ढकला. "कोमट", "कडक", "गार" या शब्दांवर तुलना उभी राहत नाही.
- स्टीलचं लहान पातेलं झाकणासह, आणि ते आत बसेल असं मोठं पातेलं. मीड आम्लयुक्त असते, त्यामुळे उघडं अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं तांबं-पितळ नको. धातूची चव उतरते.
- मिली दाखवणारा मापाचा पेला.
- पिण्याचं साधं पाणी, न गार न गरम, आणि बिनमिठाचा साधा पाव.
- वही. प्रत्येकाची वेगळी.

खोलीत स्वयंपाकाचा वास, सुगंधी मेणबत्ती, अत्तर काही नको. हात धुतलेल्या साबणाचा वासही कप नाकाशी नेला की मध्ये येतो, म्हणून हात नुसत्या पाण्याने पुन्हा एकदा धुवा. तासभर आधीपासून कॉफी, तिखट खाणं, पेपरमिंट आणि दात घासणं टाळा. पेपरमिंटमधला मेन्थॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतो. मग थंड कप आहे त्याहून थंड वाटतो.

३. मीड थंड करा, पण गोठवू नका

लक्ष्य आहे कपात ८ ते १० अंश सेल्सिअस. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली साधारण ४ अंशांवर असते. ती बाहेर काढून लगेच ओतली तर पहिले दोन घोट जवळजवळ मुके लागतात. गोडी दबते, वास उठत नाही, फक्त आंबटपणा नि तुरटपणा टोचतो. जिभेवरची गोडी ओळखणारी यंत्रणा तापमानावर अवलंबून असते. गारठ्यात ती मंदावते आणि शरीराच्या तापमानाकडे जाताना तिची ताकद वाढत जाते. थंड मीड "कमी गोड" लागते ती यामुळे. बाटलीतली साखर तेवढीच असते.

घाई असेल तर बादलीत अर्धं बर्फ नि अर्धं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली उशिरा गार होते.

> सावधान: फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. १२ टक्क्यांची मीड शून्याखाली पाच अंशांच्या आसपास गोठायला लागते. गोठताना ती फुगते, आणि बूच उडतं किंवा काच तडकते.

थंडासाठीचे कप पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, पण बंद डब्यात. उघडा कप फ्रीजमधले सगळे वास धरून बसतो.

४. पहिला कप: थंड

थंड आधी, गरम शेवटी. हा क्रम उलटा करू नका. गरम घोट तोंड तापवतो, लवंग असेल तर जीभ बधिर करते, आल्या-मिऱ्याची जळजळ घोटागणिक साचत जाते. त्यानंतर घेतलेल्या थंड कपाला न्याय मिळत नाही. थंडीनेही तोंड बधिर होतं हे खरं, पण ८ ते १० अंशांवर घेतलेले दोन-तीन घोट पाच मिनिटांत विसरले जातात. लवंगेची बधिरता इतक्या लवकर जात नाही.

कपात ५० मिली ओता. थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहा.

आधी बघा. पारदर्शक ग्लासात थोडी घेऊन पांढऱ्या कागदासमोर तिरपी धरा. स्वच्छ आहे का, गढूळ आहे का, रंग फिका सोनेरी की तपकिरीकडे झुकलेला. हलक्या मधाची मीड खूपच तपकिरी दिसत असेल तर तिला हवा लागल्याची शंका ठेवा. काळसर मधाची मीड मुळातच गडद असते, तिथे हा निष्कर्ष काढू नका.

मग वास. कप न हलवता एकदा, हलवून एकदा. आखूड श्वास घ्या, दोन-तीनदाच. लांब लांब श्वास घेत राहिलात तर नाक त्या वासाला सरावतं आणि वास संपल्यासारखं वाटतं.

मग घोट. चमचाभर घ्या, तोंडात सगळीकडे फिरवा, पाच-सात सेकंद थांबा. गिळा किंवा थुंका, आणि तोंड मिटून श्वास नाकाने बाहेर सोडा. हा शेवटचा श्वास सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक सोडतात. मसाल्याची ओळख जिभेवर होत नाही. घशामागून नाकात जाणाऱ्या वासावर होते. थंड मीडमधली वेलची किंवा व्हॅनिला कपावर नाक ठेवून सापडली नाही तरी या श्वासात हमखास सापडते, कारण तोवर घोट तोंडात तापलेला असतो.

थंड कपात काय शोधायचं? आंबटपणा नीट आहे की नुसता टोचतो. तुरटपणा किती: दालचिनीची साल मीडमध्ये फार दिवस राहिली असेल तर ती थंड घोटात लाकडासारखी, हिरड्या आवळणारी लागते. आलं उशिरा कळतं. आधी काहीच नाही, आणि गिळल्यावर घशात खाली ऊब. वेलचीतल्या सिनिओल या सुगंधी द्रव्याचा गारवा थंड कपात मोकळा जाणवतो. गरमात तोच कापरासारखा होऊ शकतो. मधाचा स्वतःचा फुलांचा वास इथे मिळाला तर त्याच्यापुढे खूण करा. गरम कपात तो आहे का हे नंतर बघायचं आहे.

> तपासणी: कपातल्या शेवटच्या घोटाआधी पुन्हा तापमान घ्या. १२ च्या वर गेलं असेल तर हा थंड कप राहिलेला नाही. पुढचे शेरे यात लिहू नका.

५. मधला कप: १८ ते २० अंश

हा कप जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मग थंड-गरम तुलना लंगडी होते. मीडमधला दोष उघड होतो तो इथे. थंडीत तो लपतो, गरमात मसाला त्याच्यावर पांघरूण घालतो.

"रूम टेम्परेचर" या शब्दावर विसंबू नका. खोली अठरा अंशांची असेल किंवा बत्तीसची. मापलेली मीड कपात ओता, कप तळहातांत धरा, आकडा १८ वर आला की सुरू करा. आधी पाण्याने चूळ भरा, पावाचा तुकडा खा, पाच मिनिटं थांबा.

नेलपॉलिशसारखा वास म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट. व्हिनेगरचा आंबूस दर्प म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो थोडा असेल तर कप हलवत राहिल्यावर उडून जातो, म्हणून लगेच बाटली नाकारू नका. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याचा किंवा खराब बुचाचा. गिळल्यावर घसा स्पिरिटसारखा जळत असेल आणि त्या मीडमध्ये आलं-मिरी नसेल, तर आंबवताना तापमान फार वाढल्यामुळे तयार झालेल्या जड अल्कोहोलांचा संशय घ्या.

दोष स्पष्ट असेल तर इथेच थांबा. सदोष मीड तापवून "मसाल्यात खपवणं" या कामाचा हेतू नाही. शिवाय नेलपॉलिशचा वास गरम केल्यावर आधी नाकावर आदळतो, कारण इथाइल अ‍ॅसिटेट ७७ अंशांनाच उकळतं.

६. गरम करणं

सगळ्यात जास्त बाटल्या इथे वाया जातात.

बहुतेक लोक एक गैरसमज धरून चालतात: अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे ७७ पर्यंत काही जात नाही. तसं नसतं. ७८.३ हा शुद्ध इथेनॉलचा उत्कलनबिंदू. १२ टक्क्यांची मीड नव्वदीच्या आसपास उकळते, पण उघड्या पातेल्यात अल्कोहोल आणि त्याच्यासोबत फुला-फळांचे हलके वास त्याच्या कितीतरी आधीपासून उडत असतात. वर वाफ दिसायला लागली की घरभर सुगंध दरवळतो. लोक खूश होतात. तो सुगंध कपातून गेलेला असतो.

म्हणून क्रम असा:

१. मापलेली २५० मिली मीड लहान पातेल्यात घ्या. यातली १५० मिली तिघांच्या कपांना, उरलेली शेवटच्या चाचणीला.

२. मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापवा आणि गॅस बंद करा. अल्कोहोलची वाफ पेटते. ज्योतीवर मीडचं उघडं भांडं नको.

३. लहान पातेलं झाकण ठेवून गरम पाण्यात उतरवा. पाण्याची पातळी आतल्या मीडच्या पातळीएवढी असावी. त्याहून वर असेल तर पातेलं तरंगतं आणि कलंडतं.

४. दर मिनिटाला झाकण जेमतेम उघडून हलकं ढवळा, तापमान बघा. ६० अंश झाले की लगेच बाहेर काढा.

५. तोवर कपांत गरम पाणी भरून ठेवलेलं असू द्या. ते ओतून द्या, कप पुसा, ५० मिली मीड ओता. गार कपात ओतलेली मीड पहिल्या मिनिटातच बरेच अंश हरवते आणि तिघांच्या कपांत तीन वेगळी तापमानं होतात.

मायक्रोवेव्ह नको. एवढ्याशा द्रवात वर एक नि खाली एक तापमान होतं, आणि थर्मामीटर ज्या थरात बुडवाल तेवढाच खरा. कॉफी यंत्राची वाफ तर मुळीच नको. त्यात पाणी मिसळतं.

> सावधान: बूच लावलेली बाटली कधीही गरम पाण्यात ठेवू नका. आतला दाब वाढून ती फुटू शकते. घरी बनवलेल्या मीडमध्ये आंबवणं पूर्ण संपलेलं नसेल तर धोका आणखी मोठा.

> सावधान: तापवताना मसाला, मध, साखर, संत्र्याची साल काहीही घालू नका. ते पेयही छान असतं, पण ते वेगळं पेय आहे. त्याची चव वेगळ्या दिवशी घ्या.

७. गरम कप: एकदा नाही, तीनदा

ओतल्यावर कपात साधारण ५५ अंश असतील. पहिला वास हातभर अंतरावरून, कडेने घ्या. नाक थेट कपात घातलंत तर अल्कोहोलची वाफ झोंबते आणि पुढची दोन-तीन मिनिटं काहीही नीट कळत नाही. मिनिटभर थांबून मग जवळ न्या.

पहिला घोट ५० ते ५५ अंशांवर. याहून गरम पिऊ नका. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आहे. चवीच्या दृष्टीनेही तिथे काही मिळत नाही, नुसता चटका बसतो.

या घोटात आलं किंवा मिरी असेल तर ती थंड कपापेक्षा दुप्पट झाल्यासारखी वाटेल. तोंडातला जो ग्राही (संवेदना टिपणारा रेणू) साधारण ४३ अंशांवरची उष्णता ओळखतो, त्यालाच आल्या-मिऱ्यातली तिखट द्रव्यंही चेतवतात, आणि अल्कोहोल त्याला आणखी हळवं करतं. तिन्ही कारणं एकाच घोटात एकत्र येतात. म्हणून गरम मीडबद्दल "अल्कोहोल फार लागतंय" हा शेरा लिहिण्याआधी स्वतःला विचारा: जळजळ जिभेवर आहे की घशात? आल्या-मिऱ्याची जळजळ जिभेवर बसून राहते. अल्कोहोलची ऊब घशातून खाली सरकते आणि लवकर विरते.

दुसरा घोट ४० ते ४५ अंशांवर. मसाल्याच्या मीडचं खरं रूप मला इथे दिसतं. चटका गेलेला असतो, गोडी पूर्ण उघडलेली असते, आणि मसाले एकमेकांपासून वेगळे होतात. दालचिनीचा लाकडीपणा मागे सरतो नि तिचा गोडसर वास पुढे येतो. व्हॅनिला आधी कुठेच नव्हती ती दिसते. लवंग मात्र इथे मर्यादा ओलांडू शकते. लवंगेतलं युजेनॉल वास भरून टाकतं आणि जिभेच्या शेंड्यावर दंतवैद्याकडची बधिरता ठेवून जातं. असं झालं तर मीड बनवणाऱ्याचा हात लवंगेला सैल होता, हे थंड कपातून कळलं नसतं.

तिसरा घोट ३० ते ३५ अंशांवर, म्हणजे कोमट. हा आवडणार नाही, तरी घ्या. चटक्याचा आधार नाही, गारव्याचा नाही. मीड फाजील गोड असेल तर ती इथे चिकट लागते. आंबटपणा कमी पडत असेल तर इथे ती ढिली पडते. बनवणाऱ्याला सर्वांत उपयोगी शेरा बहुधा याच घोटातून मिळतो.

> तपासणी: थंड कपात ज्या फुलांच्या वासापुढे खूण केली होती, तो गरम कपात आहे का? नसेल तर तो मसाल्याखाली दबला की उडून गेला, याचं उत्तर नवव्या टप्प्यात मिळेल.

८. नोंद लगेच, प्रत्येकाची आपली

तिघांनी लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने "संत्रं" म्हटलं की बाकी दोघांना संत्रं येतं.

नोंदीत विशेषणं कमी, ठिकाण आणि वेळ जास्त. "छान मसालेदार" या शब्दांवरून महिनाभराने काहीच आठवणार नाही. नोंद अशी असावी:

*९ अंश: वास बंद. घोटात आधी आंबट, मग मध. तुरटपणा हिरड्यांवर, गिळल्यावरही जात नाही. श्वास सोडताना दालचिनी.*
*१९ अंश: वासात मध आधी, मेणासारखा. दोष नाही. गोडी बेताची.*
*५२ अंश: अल्कोहोल झोंबतं. आलं जिभेवर, घशात नाही.*
*४३ अंश: दालचिनी आणि व्हॅनिला वेगळ्या कळतात. तुरटपणा जवळजवळ गेला. गोडी आता पुरेशी, आणखी नको.*
*३३ अंश: गोडी चिकट. आंबट हवं होतं.*

यात गुण नाहीत, तारे नाहीत. पण ही मीड गरम द्यावी, पंचेचाळिशीला, हे वाचूनच कळतं.

एकदा सगळ्यांचं लिहून झालं की २० मिली थंड मीड पुन्हा ओतून एक घोट घ्या. तुलना आठवणीवर झालेली असते, आणि गरम कपानंतर आठवणीतली थंड मीड होती त्याहून आंबट होऊन बसते.

९. तापवल्याने मीड बिघडली का?

गरम कप वेगळा लागला तो गरम होता म्हणून, की तापवण्याने मीडच बदलली? हे शोधायची सोपी चाचणी आहे. चव तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ती आयएसओ ४१२० प्रमाणे करतात, घरीही होते.

तापवलेल्यातली उरलेली मीड झाकून १८ अंशांपर्यंत निवू द्या. न तापवलेली मीडही १८ वर आणा. एकाने दुसऱ्याच्या पाठीमागे तीन कप भरायचे, प्रत्येकी १५ मिली: दोन सारखे, एक वेगळा. कपांच्या तळाला खुणा, क्रम अदलाबदल करून. चाखणाऱ्याने वेगळा कप ओळखायचा. "माहीत नाही" हे उत्तर चालत नाही, एक निवडावाच लागतो.

एकाने बरोबर ओळखलं तर त्याला अर्थ नाही, नशिबानेही तिघांत एकदा जमतंच. तिघांनी स्वतंत्रपणे, तिघांनीही बरोबर ओळखलं तर ते निव्वळ नशीब असण्याची शक्यता सत्तावीसात एक. तेव्हा समजा की तापवण्याने मीड खरंच बदलली. पुढच्या वेळी ६० ऐवजी ५५ वर काढा, झाकण कमी उघडा. कुणालाच ओळखता आलं नाही तर तुमची तापवण्याची पद्धत बरोबर आहे.

चाखणाऱ्याला रंगावरून ओळखता येऊ नये म्हणून इथे चिनी मातीचे कपच घ्या आणि दिवा मंद ठेवा.

१०. बाटलीचं काय करायचं ते ठरवा

ड्राय, हलकी, फुलांच्या वासाची, वेलचीसारख्या गार मसाल्याची मीड सहसा थंडच शोभते. दालचिनी-लवंग-जायफळाची, गोड, जराशी तुरट मीड ४५ अंशांकडे फुलते. आल्याची मीड दोन्हीकडे जाते, पण दोन्हीकडे निराळी. गरम द्यायची असेल तर पाहुण्यांना आधी सांगा, कारण जळजळ सगळ्यांना सोसत नाही. ज्या मीडचा मधला कप सगळ्यांत चांगला लागला, तिला थंडही करू नका नि गरमही नको. अशा बाटल्या असतात, आणि त्या हटकून फ्रीजमध्ये नेऊन ठेवल्या जातात.

तापवून उरलेली मीड बाटलीत परत ओतू नका. न तापवलेली उरली असेल तर ती लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे वर हवा कमी राहते, आणि फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा.